भाऊबंदकी

आमच्या धंद्यात एक तक्रार अशी आहे की ती आली की मी आधी चहा मागवतो. "डेटाबेसमधून मेल जात नाहीयेत." बस्स, एवढंच वाक्य. कालपर्यंत जात होत्या, आज जात नाहीत, आणि कोणीही कशालाही हात लावलेला नाही. (हात न लावणारी ही माणसं सगळ्या कंपन्यांत सारखीच असतात.)

नातेवाईक मंडळींपैकी ज्यांना हे काय प्रकरण आहे ते ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: महिन्याच्या पगाराची पावती, रेल्वेचं तिकीट, बँकेचं स्टेटमेंट हे सगळं तुम्हाला ईमेलनं येतं. ते कोणी कारकून बसून पाठवत नाही. जिथे ही माहिती साठवलेली असते तो डेटाबेसच रात्री-बेरात्री पत्र तयार करतो आणि ते मेल सर्व्हर नावाच्या दुसऱ्या प्रोग्रॅमच्या हाती देतो. मेल सर्व्हर म्हणजे पोस्ट ऑफिस समजा. आपल्या आंतरजालावरच्या मंडळींनी डेटाबेसला विदागार आणि ईमेलला विरोप असे छान शब्द काढले होते. मला विरोप फार आवडतो. पण ऑफिसच्या फोनवर "विदागारातून विरोप जात नाहीत" म्हटलं तर समोरचा राँग नंबर म्हणून ठेवून देईल, म्हणून मी इथे मेल आणि डेटाबेसच म्हणतो.

तर सांगायचा मुद्दा असा की या दोघांचं पटत नाही, हे रोजच्या कामातून सगळ्यांनाच कळतं. पण हे दोघं मूळचे एकाच घरातले, हे आमच्या धंद्यातल्याही फार थोड्यांना माहीत असतं.

ते घर म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठाचं बर्कले. १९७० साली आयबीएमच्या एडगर कॉड यांनी तक्त्यांच्या रूपात माहिती साठवण्याची कल्पना मांडणारा निबंध छापला. तो वाचून मायकेल स्टोनब्रेकर आणि यूजीन वाँग या दोन प्राध्यापकांनी १९७३ च्या सुमारास इंग्रेस नावाचा डेटाबेस बांधायला घेतला. विद्यार्थी येत होते, लिहून जात होते, पुढचे येत होते. त्याच गटात एरिक ऑलमन नावाचा तरुण होता. इंग्रेसच्या यंत्राची देखभाल त्याच्याकडे होती. तेव्हा अर्पानेट, म्हणजे इंटरनेटचं बालरूप, बर्कलेत याच एका यंत्राला जोडलेलं होतं. झालं! विभागातल्या ज्याला त्याला त्या यंत्रावर खातं पाहिजे. गावात एकाच घरी फोन असला की त्या घरची काय अवस्था होते हे आपल्या पिढीला वेगळं सांगायला नको.

ऑलमनच्या लक्षात आलं की या लोकांना खातं नकोच आहे, त्यांना त्यांची पत्रं हवी आहेत. मग १९७९ च्या सुमारास त्यानं डिलिव्हरमेल नावाचा प्रोग्रॅम लिहिला. अर्पानेटवरून आलेली पत्रं तो विद्यापीठातल्या इतर यंत्रांकडे पाठवायचा आणि तिकडची इकडे आणायचा. विद्यापीठाचं एक घरगुती जाळंही होतं, बर्कनेट. ते एरिक श्मिट नावाच्या विद्यार्थ्यानं बांधलं होतं. हो, पुढे गूगलचे मुख्य अधिकारी झाले तेच श्मिट. डिलिव्हरमेलचा पुढचा अवतार म्हणजे सेंडमेल, जो १९८३ मध्ये बर्कलेच्या युनिक्सबरोबर जगभर गेला आणि पुढची कितीतरी वर्षं इंटरनेटवरची बहुतेक पत्रं वाहत राहिला.

म्हणजे बघा, जगातला सगळ्यात प्रसिद्ध मेल सर्व्हर एका डेटाबेसच्या ओसरीवर जन्मला.

दुसरी शाखाही पाहू. इंग्रेसचे एक मुख्य प्रोग्रॅमर बॉब एपस्टाइन यांनी १९८४ मध्ये इतरांबरोबर सायबेस ही कंपनी काढली. सायबेसकडून मायक्रोसॉफ्टनं डेटाबेस घेतला आणि १९८९ मध्ये एस्क्यूएल सर्व्हर बाजारात आला. १९९८ च्या ७.० आवृत्तीत त्यांनी तो बराचसा नव्यानं लिहिला, पण घराणं तेच. तिकडे स्टोनब्रेकर यांनी इंग्रेसनंतर १९८६ मध्ये पोस्टग्रेस सुरू केला, तो आज पोस्टग्रेस्क्यूएल म्हणून जोरात चालू आहे. त्यामुळे रात्री दोन वाजता एस्क्यूएल सर्व्हर आणि सेंडमेल एकमेकांशी बोलेनासे होतात तेव्हा मी मनात म्हणतो, चला, चुलत भावांचं पुन्हा वाजलं.

पण एका घरातली भावंडं स्वभावानं किती वेगळी असावीत! डेटाबेस हा हिशेबी, संशयी माणूस. पैसे एका खात्यातून काढून दुसऱ्यात टाकायचे तर दोन्ही गोष्टी पूर्ण होतील, नाहीतर एकही होणार नाही. अर्ध्यावर वीज गेली तर तो सगळं पुसून जसं होतं तसं करतो, त्याला रोलबॅक म्हणतात. प्रत्येकाला विचारतो, तू कोण, तुझा पासवर्ड काय, या तक्त्याला हात लावायची तुला परवानगी कोणी दिली.

मेल मात्र गावाकडच्या उघड्या वाड्यासारखी. ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी मेल कशी सोपवायची याचे नियम लिहिले. आरएफसी ८२१ नावाचा तो दस्तऐवज अजूनही वाचायला मजा येते. दोन यंत्रांचं संभाषण त्यात अक्षरशः चार-पाच वाक्यांचं आहे. आधी हेलो म्हणायचं (चार अक्षरी आज्ञांच्या हौसेपायी इंग्रजीतलं एक अक्षर गाळून). मग पत्र कोणाकडून, मग पत्र कोणाला, मग मजकूर, शेवटी एका ओळीवर नुसता एक ठिपका. बस. कोणाकडून ते तुम्ही सांगाल तेच खरं. कुठेही पुरावा मागितलेला नाही. त्यात पासवर्ड ही चीजच नव्हती. शिवाय पत्र आपल्या गावचं नसलं तरी पुढे पोचवायचं, ही रीत. वाटसरूनं ओसरीवर ठेवलेलं पत्र पुढच्या गावी जाणाऱ्याच्या हाती द्यावं तसं.

या संभाषणात समोरचा प्रत्येक वाक्याला एक आकडा सांगतो. आकडा २ नं सुरू झाला तर ठीक, ४ नं झाला तर आत्ता नको, थोड्या वेळानं ये, आणि ५ नं झाला तर पुन्हा येऊ नकोस. सगळ्यात मोलाचा आकडा २५०. ठिपक्यानंतर समोरच्यानं २५० म्हटलं की त्या क्षणापासून पत्राची जबाबदारी त्याची. पोचवेन, नाहीतर का पोचलं नाही ते कळवेन. म्हणजे २५० हा शब्द आहे, दिलेला शब्द.

एकमेकांना नावानं ओळखणाऱ्या संशोधकांच्या जगात हे शोभून दिसलं. तिथेही १९७८ मध्येच डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थुएर्क यांनी जवळपास ४०० जणांना नव्या यंत्रांची जाहिरात पाठवून पहिली ठिणगी टाकली होती. नोव्हेंबर १९८८ मध्ये रॉबर्ट मॉरिसचा किडा इंटरनेटभर पसरला तेव्हा त्याच्या शिरण्याच्या वाटांपैकी एक वाट सेंडमेलची होती. चाचणीसाठी ठेवलेली मागची खिडकी लोकांनी बंदच केली नव्हती. पण खरा पूर आला १९९० च्या दशकाच्या मध्यापासून. जाहिरातवाले कोणाच्याही उघड्या ओसरीवर लाखो पत्रांचे गठ्ठे टाकून पसार व्हायला लागले. १९९७ मध्ये पॉल व्हिक्सी यांच्या पुढाकारानं अशा पत्त्यांची काळी यादी सुरू झाली, आणि १९९८ मध्ये सेंडमेलच्या ८.९ आवृत्तीनं परक्यांची पत्रं पुढे पोचवणं मुळातच बंद करून टाकलं. कोणाला हवं असेल त्यानं मुद्दाम दार उघडावं, एरवी बंद.

आणि गंमत म्हणजे नेमक्या याच सुमारास डेटाबेसांना पत्रं लिहिण्याची हौस आली. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये १९९० च्या दशकात एस्क्यूएल मेल नावाची सोय होती. तिच्यासाठी सर्व्हरवर चक्क आउटलुकसारखा माणसांनी वापरायचा प्रोग्रॅम बसवावा लागे. कधीतरी तो आउटलुक एखादी खिडकी उघडून "ओके?" असं विचारत बसायचा, आणि त्या बंद खोलीत ओके म्हणायला कोणीच नसायचं. ऑरेकलनं ८आय मध्ये वेगळा रस्ता घेतला. त्यांच्या यूटीएल-एसएमटीपीमध्ये वरची चार-पाच वाक्यं तुम्हीच एकेक करून बोलायची. म्हणजे संशयी भावानं आयुष्यात पहिल्यांदा वाड्याच्या दारावर थाप मारली आणि तोवर वाड्याला कुलूप लागलेलं. "रिलेइंग डिनाइड." आकडा ५५०.

या एका ओळीनं त्या काळात किती रात्री खाल्ल्या असतील! खूण ठरलेली. कंपनीतल्या कंपनीत मेल जायच्या, बाहेरच्या एकही नाही. सगळे डेटाबेसवाल्याला धरणार, तो मेलवाल्याकडे बोट दाखवणार, मेलवाला म्हणणार माझ्याकडून सगळं नीट आहे. अशा वेळी डेटाबेस बाजूला ठेवून, त्याच यंत्रावरून टेलनेटनं २५ नंबरच्या दारावर स्वतः जाऊन हाक मारायची. २२० म्हणून स्वागत आलं तर रस्ता मोकळा आहे. काहीच आलं नाही तर दारापर्यंत आपण पोचलेलोच नाही. २००३-०४ मध्ये सोबिग आणि मायडूम हे मेलमधून पसरणारे किडे आले, त्यानंतर काही अँटिव्हायरस त्याच यंत्रावरून बाहेर जाणारा २५ नंबरचा रस्ता गुपचूप अडवायला लागले. ऑरेकल अशा वेळी ४२१, सेवा उपलब्ध नाही, असं सांगतो. वाचणाऱ्याला वाटतं पोस्ट ऑफिस बंद आहे. खरं तर आपल्याच घरच्या कुत्र्यानं पोस्टमनला फाटकावर अडवलेलं असतं.

यापेक्षा वाईट म्हणजे काहीच तक्रार न करणारा बिघाड. साधारण २००६ ची गोष्ट. एका संस्थेत (नाव नको) नोकरीच्या मुलाखतीची पत्रं डेटाबेसमधून रात्री जात. एका कॉलेजच्या चार मुलांना पत्रच मिळालं नाही. तक्त्यात चौघांच्याही नावापुढे "पाठवलं" अशी नोंद, वेळेसकट. संस्थेतले लोक छातीठोकपणे म्हणत होते की मुलांनीच मेल पाहिली नसेल. मला बोलावलं तेव्हा तारीख उलटून दोन दिवस झाले होते.

झालं होतं असं की त्या कॉलेजच्या मेल सर्व्हरवर ग्रेलिस्टिंग चालू होतं. ही २००३ मधली युक्ती. अनोळखी यंत्र पहिल्यांदा आलं की ४५१ म्हणायचं, आत्ता नको, थोड्या वेळानं ये. खरं पोस्ट ऑफिस अर्ध्या तासानं परत येतं, घाईतला जाहिरातवाला येत नाही. उत्तम युक्ती. पण त्या संस्थेचा डेटाबेस मधल्या कुठल्याही मेल सर्व्हरकडे न जाता थेट कॉलेजच्या दारात जात होता, आणि "थोड्या वेळानं ये" याचा अर्थ त्याला कोणी शिकवलेलाच नव्हता. तो प्रोग्रॅम लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेला होता. जाताना त्यात एक ओळ ठेवून गेला होता: काहीही चूक झाली तर काही करू नकोस. ऑरेकलवाले ही ओळ चांगली ओळखतात. तर ४५१ आला, त्या ओळीनं तो गिळला, आणि पुढच्या ओळीनं तक्त्यात "पाठवलं" असं लिहून टाकलं. चौघांपैकी तिघांना मित्रांकडून कळलं होतं म्हणून ते आले होते. चौथा आला नाही. त्याची मुलाखत पुन्हा घ्यावी म्हणून तिथल्या एका बाईंनी बरीच खटपट केली, पण जागा भरून गेली होती.

"पाठवलं" हा शब्द तेव्हापासून मला खटकतो. डेटाबेसला फार तर "सोपवलं" एवढंच म्हणता येईल, आणि तेही २५० ऐकल्यावर.

या दोन भावांमधली खरी अडचण जिम ग्रे यांनी फार आधी सांगून ठेवली होती. डेटाबेसच्या व्यवहारांचं शास्त्र ज्यांनी घडवलं त्यांच्यातले हे मोठे नाव. १९९८ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना मिळालं. (जानेवारी २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोहून एकटेच शिडाच्या बोटीतून निघाले ते परत आलेच नाहीत. शोध पुष्कळ झाला.) १९८१ च्या एका निबंधात त्यांनी डेटाबेसमधून होणाऱ्या कृतींचे प्रकार केले आहेत. काही कृती मागे घेता येतात, आणि काही एकदा झाल्या की झाल्या. मेल ही दुसऱ्या प्रकारातली. समजा, ऑर्डर नोंदवली की ग्राहकाला मेल जाईल अशी व्यवस्था केली. ऑर्डर नोंदवली, मेल गेली, आणि शेवटच्या क्षणी माल शिल्लक नाही म्हणून डेटाबेसनं रोलबॅक केला. त्याच्या दृष्टीनं ऑर्डर कधी झालीच नाही. ग्राहक मात्र धन्यवादाचं पत्र हातात धरून बसलेला.

यावरचा शहाणा उपाय म्हणजे डेटाबेसनं स्वतः दारात जायचंच नाही. पत्र एका रांगेत ठेवायचं, म्हणजे तक्त्यातली साधी एक ओळ लिहायची. व्यवहार पूर्ण झाला तर ओळ राहते, रोलबॅक झाला तर तीही जाते. मग दुसरा प्रोग्रॅम सवडीनं ती रांग उपसतो, आणि ४ चा आकडा आला तर पुन्हा जातो. एस्क्यूएल सर्व्हर २००५ मध्ये आलेल्या डेटाबेस मेलची रचना अशीच आहे. जुनी एस्क्यूएल मेल २०१२ च्या आवृत्तीतून काढूनच टाकली. नव्या सोयीला मेल पाठव म्हटलं की ती उत्तर देते, "मेल क्यूड". रांगेत ठेवली आहे. मला हे उत्तर आवडतं, जेवढं केलं तेवढंच सांगते.

आता आपल्या मराठीचं काय झालं तेही सांगायला हवं. १९८२ च्या नियमांत इंग्रजी सोडून दुसरी लिपीच नव्हती. सात बिटांत जेवढी अक्षरं मावतील तेवढी. १९९२ मध्ये माइम आलं आणि इतर लिप्यांची सोय झाली, पण डेटाबेसमधून पत्र पाठवणाऱ्यांना ती सोय आपल्या हातानं जोडावी लागे. ऑरेकलचा मजकूर लिहिण्याचा नेहमीचा मार्ग सगळं सात बिटांच्या साच्यात बसवायचा, त्यामुळे देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची माळ. कच्चा मजकूर पाठवण्याचा वेगळा मार्ग घेतला की नाव नीट दिसे. एस्क्यूएल सर्व्हरमध्ये अवतरणचिन्हाआधी एक एन अक्षर विसरलं तरी तीच माळ. आणखी एक जुना नियम म्हणजे एक ओळ हजार अक्षरांच्या आत हवी. डेटाबेस सगळं पत्र एकाच लांबलचक ओळीत तयार करतो, सेंडमेल ती ओळ नियमानुसार तोडतो आणि तोडल्याची खूण म्हणून एक उद्गारचिन्ह टाकतो. एका पतसंस्थेच्या व्याजाच्या तक्त्यात आकड्यांच्या मधोमध अशी उद्गारचिन्हं आली होती. सभासदांना वाटलं संस्थेलाच आपल्या व्याजदराचं आश्चर्य वाटतंय.

असो. कुलपं वाढतच गेली. १९९९ मध्ये मेलच्या दारात पासवर्ड विचारण्याचा नियम ठरला. २००७ च्या ऑरेकल ११जी नं तर उलट बाजूनं कुलूप घातलं. डेटाबेसमधल्या कोणाला कुठल्या दारात जाता येईल याची यादी करा, यादीत नाव नसेल तर ओआरए-२४२४७. नवी आवृत्ती बसवली की दुसऱ्या दिवशी मेल बंद, आणि कोणी कशालाही हात लावलेला नाही! २००६-०७ मध्ये एसपीएफ आणि डीकेआयएम आले. आमच्या नावानं कुठली यंत्रं पत्रं पाठवू शकतात याची जाहीर यादी हे पहिलं, पत्रावर मारलेली मोहोर हे दुसरं. हे दोन्ही जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं ते सांगणारं डीमार्क २०१२ चं. मे २०२२ मध्ये गूगलनं वैयक्तिक खात्यांवर साध्या पासवर्डनं मेल पाठवणं बंद केलं, तेव्हा कित्येक छोट्या दुकानांची बिलं एका दिवसात थांबली. फेब्रुवारी २०२४ पासून दिवसाला ५००० वर पत्रं जीमेलवर पाठवणाऱ्यांना ही तिन्ही कुलपं सक्तीची झाली.

मला यातली एकही गोष्ट चुकीची वाटत नाही, आणि तरी एक कुरकूर आहेच. भामट्याला एसपीएफची नोंद करायला पाच मिनिटं लागतात. अडकतो तो तालुक्याच्या गावातला दवाखाना किंवा शाळा, ज्यांचा डेटाबेस कोण्या भाच्यानं सुट्टीत बसवून दिलेला असतो. ऑलमन यांनीही १९९८ मध्ये सेंडमेल नावाची कंपनी काढली होती. २०१३ मध्ये ती प्रूफपॉइंटनं विकत घेतली. प्रूफपॉइंटचा धंदा काय, तर मेलच्या दारात पहारा देणं.

जाता जाता, याच कामातल्या मित्रांसाठी माझा क्रम देऊन ठेवतो. आधी रांग पाहायची, पत्र तिथेच पडलंय का. मग त्याच यंत्रावरून टेलनेट, आणि आता २५ च्या जोडीला ५८७ नंबरचं दारही. मग आकड्याचा पहिला अंक, ४ की ५. मग बाहेरच्या पत्त्यावर एक आणि घरच्या पत्त्यावर एक अशी दोन पत्रं. एवढं करूनही काही सापडलं नाही तर प्रोग्रॅम उघडून ती "काही करू नकोस" वाली ओळ शोधा. कोणाला यापेक्षा वेगळा अनुभव आला असेल तर जरूर कळवा.